अणूंचे माप घेणारे व्हिक्टर गोल्डश्मिट

सूर्याच्या प्रकाशापासून वीज उत्पन्न करणाऱ्या नव्या पदार्थांत पेरोव्स्काइट ह्या नावाचा बोलबाला २००९ सालापासून एकसारखा वाढत आहे. हा पदार्थ तयार करण्यास सोपा, थराने अत्यंत पातळ आणि प्रकाश शोषून घेण्यात मोठा पटाईत. परंतु त्याच्या अंगी दोषही तितकेच. त्याच्या स्फटिकांत जागोजाग स्थाने रिकामी राहतात, पृष्ठभागावर सैल अणू लोंबकळतात, आणि त्यामुळे हाती आलेली वीज वाटेतच नाहीशी होते. ह्या दोषांचे शमन कसे करावे, रिकाम्या स्थानी कोणास बसवावे आणि कोणास बसविता येणार नाही, ह्याचा विचार आज हजारो संशोधक करीत आहेत. तो करताना ते ज्या नियमाचा आधार घेतात, तो १९२६ साली नॉर्वे देशातील एका खनिजशास्त्रज्ञाने घालून दिला. त्यांचे नाव व्हिक्टर मॉरिट्झ गोल्डश्मिट. भूरसायनशास्त्राचे जनक म्हणून विद्वानांत त्यांची कीर्ती मोठी आहे. तथापि आमच्या विद्यार्थ्यांस त्यांचा परिचय क्वचितच असेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

व्हिक्टर यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. आईबापांचे ते एकुलते एक अपत्य. वडील हाइनरिख गोल्डश्मिट हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे सहकारी प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर ह्यांच्यावरूनच मुलाचे नाव ठेवण्यात आले. वडिलांच्या नोकरीच्या निमित्ताने ह्या कुटुंबास अनेक गावे पालथी घालावी लागली. झुरिच सोडून ॲमस्टरडॅम, तेथून हायडेलबर्ग, आणि शेवटी १९०१ साली नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजेच आजचे ऑस्लो. तेथील विद्यापीठात हाइनरिख ह्यांना रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. मुलाचे वय त्या वेळी अवघे तेरा वर्षांचे होते. नवा देश, नवी भाषा, नवी शाळा. परंतु ज्या मुलाने बालपणीच तीन देशांचे पाणी चाखले होते, त्यास चौथा देश आपलासा करण्यास फार काळ लागला नाही. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून विभक्त होऊन स्वतंत्र झाले, आणि त्याच वर्षी गोल्डश्मिट हे नॉर्वेचे नागरिक झाले.

विद्यापीठात वाल्डेमार ब्रॉग्गर ह्या थोर भूगर्भशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य त्यांना लाभले. क्रिस्तियानियाच्या आसपासचा प्रदेश हा भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यास एखाद्या उघड्या ग्रंथासारखाच आहे. प्राचीन काळी तेथे वितळलेला खडक पृथ्वीच्या पोटातून वर आला आणि सभोवतालच्या खडकांस त्याने अक्षरशः भाजून काढले. त्या आंचेने जुन्या खनिजांची नवी खनिजे झाली. हे रूपांतर वाटेल तसे होत नाही, खडकात कोणती द्रव्ये किती आहेत ह्यावरून त्यात कोणती खनिजे एकत्र नांदतील हे निश्चित ठरते, असे गोल्डश्मिट यांनी रसायनशास्त्राचे नियम लावून सिद्ध केले. ह्या विषयावरील मोठा प्रबंध १९११ साली प्रसिद्ध होऊन त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. वय होते तेवीस. तोपर्यंत खनिजशास्त्र म्हणजे बहुतांशी दगड गोळा करणे, त्यांना नावे देणे आणि कपाटात ओळीने मांडणे असे होते. असे का, हा प्रश्न त्या शास्त्रास विचारण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांत गोल्डश्मिट यांची गणना होते.

१९१४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते क्रिस्तियानिया विद्यापीठात प्राध्यापक आणि तेथील खनिजशास्त्र संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. नॉर्वे युद्धात पडले नाही. परंतु समुद्रमार्गे येणारा माल बंद पडू लागल्याने देशाची मोठी अडचण झाली. तेव्हा आपल्याच डोंगरांत उपयोगी द्रव्ये कोठे सापडतील हे पाहण्यासाठी सरकारने १९१७ साली कच्च्या मालाची एक प्रयोगशाळा स्थापिली व तिची धुरा गोल्डश्मिट यांच्यावर सोपविली. ऑलिव्हिन नावाचा हिरवा दगड नॉर्वेत विपुल. तो भयंकर उष्णतेतही वितळत नाही, म्हणून भट्ट्यांच्या विटांस तो उत्तम, हे त्यांनीच पुढे दाखवून दिले. ह्या हिरव्या दगडावर त्यांचा मोठा जीव होता. त्याची आठवण आम्ही पुढे करून देणारच आहोत.

देशाच्या निकडीसाठी हाती घेतलेल्या ह्या कामातून एक फार मोठा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. पृथ्वीवर नव्वदांच्या आसपास मूलद्रव्ये आहेत. ती सर्वत्र सारखी पसरलेली का नाहीत? एखादे द्रव्य एका खनिजातच का सापडते, आणि दुसरे द्रव्य स्वतःचे खनिज न करता दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखे का राहते? पृथ्वी तप्त रसरूपात असताना काही द्रव्ये लोखंडाबरोबर खोल गेली, काही गंधकाच्या संगतीस लागली, काही दगडांत राहिली आणि काही हवेत, अशी वर्गवारी त्यांनी केली. ती आजही शिकविली जाते. परंतु दगडाच्या आत कोण कोणाशेजारी बसतो, ह्याचे कारण कळण्यास अणूंच्या घरात डोकावणे प्राप्त होते.

ते डोकावण्याचे साधन क्ष-किरणांच्या रूपाने नुकतेच हाती आले होते. क्ष-किरण स्फटिकातून पाठविले असता ते ठरावीक दिशांस वळतात, आणि त्यावरून स्फटिकातील अणूंमधील अंतर मोजता येते. मात्र अंतर कळले, तरी त्यातील किती भाग एका अणूचा आणि किती शेजाऱ्याचा हे कसे कळावे? दोन चेंडू एकमेकांस टेकले असता त्यांच्या मध्यांतील अंतर मोजता येईल. परंतु प्रत्येकाचे माप काढावयाचे तर त्यांपैकी एकाचे तरी आधी ठाऊक हवे. फिनलंडमधील वासास्तिएर्ना ह्या शास्त्रज्ञाने १९२३ साली ऑक्सिजन व फ्लुओरिन ह्यांच्या आयनांचे माप प्रकाशाच्या साहाय्याने काढले. विजेचा भार धारण केलेल्या अणूस आयन म्हणतात, हे विज्ञानाच्या तासास जागे राहणारे आमचे विद्यार्थी जाणतातच. ऑक्सिजनच्या आयनाची त्रिज्या एका सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या १.३२ पट धरली, की त्याच्या शेजारच्या आयनाची त्रिज्या वजाबाकीने मिळते. ती मिळाली की तिच्यावरून तिसऱ्याची. अशा रीतीने गोल्डश्मिट आणि बार्ट, लुंडे, झाकारियासेन हे त्यांचे तरुण सहकारी ह्यांनी सुमारे दोनशे संयुगांच्या स्फटिकांची तपासणी करून १९२६ साली आयनांच्या मापांचे कोष्टक जगापुढे ठेविले.

ह्या कोष्टकातून जो नियम निघाला, तो ऐकावयास साधा पण मोठा मर्माचा आहे. स्फटिकात कोणास जागा मिळावी हे त्या द्रव्याच्या नावावर वा घराण्यावर अवलंबून नसते. ते त्याच्या मापावर आणि विद्युत्भारावर अवलंबून असते. भार सारखा आणि त्रिज्येतील अंतर शेकडा पंधराच्या आत, तर एक आयन दुसऱ्याच्या जागी सुखाने बसू शकतो. मॅग्नेशियम आणि निकेल ह्यांचा रसायनशास्त्राच्या दृष्टीने संबंध दूरचा. परंतु माप जुळते, म्हणून ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियमच्या काही जागा निकेल पटकावतो. उलट एकाच घराण्यातील सोडियम व पोटॅशियम ह्यांच्या मापांत तफावत असल्याने ते थंड खडकात एकमेकांची जागा घेण्यास कचरतात. निसर्गातील कोणताही स्फटिक पूर्णतः शुद्ध का नसतो, ह्याचे उत्तर ह्या नियमात मिळाले. जे माप जुळून आत शिरले आहे, त्यास नुसता मळ म्हणून चालत नाही. तो त्या स्फटिकाच्या इतिहासाचा लेख असतो.

ह्याच १९२६ साली पेरोव्स्काइटची गाठ पडली. हे मूळचे उरल पर्वतातील एक काळपट खनिज. बर्लिनचे खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझे यांनी १८३९ साली त्याची परीक्षा केली, आणि लेव्ह पेरोव्स्की ह्या रशियन सरदाराच्या सन्मानार्थ त्यास हे नाव दिले. कॅल्शियम, टायटेनियम व ऑक्सिजन ही त्याची तीन द्रव्ये. त्याची रचना समजण्यास एक घनाकृती खोली डोळ्यांपुढे आणावी. तिच्या आठही कोपऱ्यांत मोठ्या मापाचा एकेक आयन आहे. खोलीच्या अगदी मध्यावर लहान मापाचा एक. आणि चार भिंती, छत व जमीन ह्यांच्या मध्यबिंदूंवर तिसऱ्या प्रकारचा एकेक. अशी खोली अन्य द्रव्यांची बांधता येईल काय, हे गोल्डश्मिट यांनी गणिताने सांगितले. कोपऱ्यातील आणि भिंतीवरील आयनांच्या त्रिज्यांची बेरीज करावी. मध्यावरील आणि भिंतीवरील त्रिज्यांची बेरीज करून तीस दोनाच्या वर्गमुळाने गुणावे. आणि पहिल्या संख्येस दुसरीने भागावे. उत्तर एक आले तर खोली तंतोतंत बसली. ते एकाहून थोडे कमी असले तरी खोली जराशी वाकून उभी राहते. फारच कमी वा जास्त झाले तर ती रचना मुळी होतच नाही. निसर्ग काही अंशी सोसतो, त्यापलीकडे सोसत नाही. म्हणून ह्या संख्येस सहिष्णुता-गुणक असे नाव पडले.

ह्या कामामुळे गोल्डश्मिट यांचे नाव युरोपभर झाले, आणि १९२९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने बोलावून घेतले. ग्योटिंगेन म्हणजे त्या काळी गणित व पदार्थविज्ञान ह्यांचे माहेरघर. तेथे त्यांना नवी संस्था, उत्तम उपकरणे आणि जिज्ञासू विद्यार्थी मिळाले. खडक, उल्का, इतकेच नव्हे तर दगडी कोळशाची राख ह्यांतही अत्यल्प प्रमाणात असलेली द्रव्ये त्यांनी मोजून काढली. जर्मेनियम हे दुर्मिळ द्रव्य कोळशाच्या राखेत साठलेले असते, हे त्यांनीच दाखविले. विश्वात कोणते द्रव्य किती प्रमाणात आहे, ह्याचे कोष्टक बनविण्याच्या कामासही येथेच गती आली. ते पुढे १९३८ साली प्रसिद्ध झाले.

परंतु १९३३ च्या आरंभी हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता गेली. ज्यू प्राध्यापकांस विद्यापीठांतून काढण्याचा सपाटा सुरू झाला. ग्योटिंगेनचे एकाहून एक थोर गणिती आणि शास्त्रज्ञ देश सोडून गेले. गोल्डश्मिट यांनी आपल्या प्रयोगशाळेसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षे कळ काढली. शेवटी १९३५ साली, गावात ज्यूंच्या विरुद्ध फलक झळकू लागले तेव्हा, त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला आणि वृद्ध वडिलांस घेऊन ते रिकाम्या हाताने नॉर्वेस परतले. आम्हास ह्या प्रसंगी राहून राहून एक गोष्ट खेदाने जाणवते. ज्या पुरुषाने निर्जीव दगडांत सुद्धा जागा घराण्यावरून नव्हे, तर योग्यतेवरून मिळते असे सप्रमाण दाखविले, त्यालाच माणसांच्या जगात केवळ घराण्यावरून जागा नाकारण्यात आली. त्यामुळे त्यांचे नुकसान झाले हे खरे. पण ग्योटिंगेनमध्ये जी स्थाने अशी रिकामी झाली, त्यांनी त्या विद्यापीठाचे पूर्वीचे तेज हिरावून नेले, हेही तितकेच खरे.

ऑस्लोत त्यांना पूर्वीच्याच संस्थेत सन्मानाने घेण्यात आले. १९३७ साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या शोधांचे सार व्याख्यानरूपाने मांडले. त्याच वर्षी वडिलांचा वियोग झाला. गोल्डश्मिट अविवाहित असल्याने घरी आता कोणीच उरले नाही. त्यानंतर एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने नॉर्वे व्यापले, आणि ज्या संकटातून ते निसटून आले होते तेच संकट दाराशी येऊन ठाकले.

२६ ऑक्टोबर १९४२ रोजी नॉर्वेतील ज्यू पुरुषांची सरसकट धरपकड झाली, तीत गोल्डश्मिटही सापडले. त्यांना बर्ग येथील छावणीत कोंडण्यात आले. प्रकृती आधीच नाजूक. तीत छावणीचे हाल. आजारपणामुळे काही दिवस सुटका झाली, परंतु नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा अटक झाली. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी ऑस्लोच्या धक्क्यावर डोनाऊ नावाचे जहाज उभे होते. त्यात पाचशेंहून अधिक स्त्रीपुरुष व मुले भरण्यात येत होती. गोल्डश्मिटही त्याच धक्क्यावर होते. ह्यांच्या विद्येचा राज्यास उपयोग आहे अशी रदबदली त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिकाऱ्यांकडे केली होती, आणि तिला अगदी अखेरच्या घटकेस यश आले. त्यांना रांगेतून बाजूस काढण्यात आले. जहाज निघून गेले. त्यातील माणसे आउशविट्झ येथील मृत्युछावणीस पोहोचविण्यात आली. त्यांतून जिवंत परतलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. पुढच्याच महिन्यात देशभक्तांच्या साहाय्याने गोल्डश्मिट यांनी गुप्तपणे सरहद्द ओलांडून स्वीडन गाठले.

तेथून मार्च १९४३ मध्ये ते विमानाने ब्रिटनला गेले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील मॅकॉले मृद्संशोधन संस्थेने त्यांना आश्रय दिला. नंतर ते इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात गेले. खडकांचा जाणकार मातीकडे वळला, आणि पिकांना लागणारी अत्यल्प द्रव्ये जमिनीत कोठून येतात ह्याचा विचार करू लागला. रॉयल सोसायटीने १९४३ साली त्यांना परदेशीय सभासद म्हणून निवडले आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १९४४ साली वोलॅस्टन पदक देऊन गौरविले. शरीर मात्र खचले होते. हृदयविकार वरचेवर डोके वर काढी. अशाही स्थितीत भूरसायनशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ ते चिकाटीने लिहीत राहिले. युद्ध संपल्यावर जून १९४६ मध्ये ते ऑस्लोस परतले. परंतु विश्रांतीचे दिवस फार लाभले नाहीत. २० मार्च १९४७ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी ठेवण्यासाठी जो कलश वापरण्यात आला, तो त्यांच्या आवडत्या हिरव्या ऑलिव्हिनचा होता. अपुरा राहिलेला ग्रंथ अलेक्स म्यूर ह्यांनी संपादून १९५४ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. १९७४ साली नॉर्वेने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

सामान्यतः चरित्र येथे संपते. परंतु गोल्डश्मिट यांचा नियम त्यांच्यामागे कसा कामास आला, हे सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. प्रकाशापासून वीज होते, हे फ्रान्समधील एडमंड बेकेरेल ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने १८३९ साली पाहिले. म्हणजे रोझे यांनी पेरोव्स्काइटला नाव दिले त्याच साली. ह्या दोन गोष्टी एकमेकींस भेटण्यास मात्र एकशेसत्तर वर्षे लागली. २००९ साली जपानमध्ये मियासाका आणि त्यांचे सहकारी यांनी पेरोव्स्काइट-रचनेचा एक पदार्थ सौरघटात वापरला. त्यात कोपऱ्याच्या जागी मेथिलअमोनियम हा सेंद्रिय आयन, मध्यावर शिसे आणि भिंतींवर आयोडिन वा ब्रोमिन अशी योजना होती. पडलेल्या प्रकाशाचा अवघा शेकडा ३.८ भाग तेव्हा विजेत उतरला. आज अशा घटांत तो शेकडा २६ च्या वर गेला आहे. इतक्या थोड्या वर्षांत एवढी मजल दुसऱ्या कोणत्याही सौरपदार्थाने मारलेली नाही. कोपऱ्याच्या जागी कोणास बसवावे, हे ठरविताना गोल्डश्मिट यांचाच गुणक काढतात. शिसे व आयोडिन ह्यांच्या खोलीत मेथिलअमोनियम बसविला तर तो सुमारे ०.९१ येतो, सीझियमने ०.८५ च्या आसपास, आणि फॉर्मॅमिडिनियम ह्या मोठ्या आयनाने ०.९९ च्या जवळ. शेवटचे दोन एकेकटे असता ती खोली साध्या उष्णतामानात टिकत नाही. पिवळ्या, निरुपयोगी रूपात बदलून जाते. परंतु लहान व मोठा योग्य प्रमाणात मिसळले असता रचना स्थिर होते.

आता दोषांकडे वळू. नेहमीच्या सौरघटातील सिलिकॉन सुमारे १४०० अंश सेंटिग्रेडला वितळवून त्याचे स्फटिक मोठ्या खबरदारीने वाढवितात. पेरोव्स्काइटचे तसे नाही. क्षार द्रावकात विरघळवून त्याचे थेंब काचेवर पसरावयाचे आणि सुमारे शंभर-दीडशे अंशांवर काही मिनिटे तापवावयाचे, की थर तयार. घाईने रचलेल्या गडग्यात जशा फटी राहतात, तशाच त्यातही राहणार. कोठे आयोडिनची जागा मोकळी राहते. कोठे शिशाचा आयन पृष्ठभागावर शेजाऱ्यावाचून पडतो. आणि असंख्य बारीक स्फटिककणांच्या सांध्यांवर तर सगळाच विस्कळीतपणा. स्फटिकांतील अशा दोषांचा शास्त्रीय विचार रशियाचे याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ सालीच, म्हणजे गोल्डश्मिट यांच्या कोष्टकाच्याच वर्षी, मांडला. पुढे १९३० मध्ये जर्मनीतील व्हागनर व शॉट्की यांनी त्यात भर घातली. प्रकाशाचा किरण आत शिरला म्हणजे इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून निघतो आणि त्याच्यामागे धनभाराची एक पोकळी उरते. दोघे विरुद्ध दिशांनी सुखरूप बाहेर पडले, तर वीज मिळते. दोष म्हणजे त्यांच्या वाटेवरील खळगे. त्यांत इलेक्ट्रॉन अडकतो, पोकळीशी त्याची गाठ पडते, आणि विजेऐवजी नुसती ऊब उरते. ह्या पदार्थाची तारीफ अशी की, तो पुष्कळ दोष पोटात घालूनही काम देतो. परंतु रिकाम्या जागांमुळे शेजारचे आयोडिन सरकू लागते, सांध्यांतून दमट हवा आत जाते, आणि ऊन्ह व उष्णता ह्यांच्या माऱ्याने थर लवकर खराब होतो. त्यात शिसे विषारी. म्हणून ते बाहेर न पडू देणे हेही अगत्याचे. घराच्या छपरावर वर्षानुवर्षे टिकावयाचे, तर ह्या दोषांचा बंदोबस्त झालाच पाहिजे.

ह्या बंदोबस्तास शास्त्रज्ञ पॅसिव्हेशन म्हणतात. आपण दोषशमन म्हणू. पितळेच्या भांड्यास कल्हई केली नाही तर आंबट पदार्थ कळकतो. म्हणून कोणी भांडे फेकून देत नाही. आतून कथलाचा पातळ थर देतात आणि भांडे वर्षभर कामास येते. भिंत रचून झाल्यावर गवंडी तिच्या दरजा भरतो, तेही ह्याच हेतूने. पेरोव्स्काइटमध्ये ही कल्हई अणूंची असते. ऑक्सफर्ड येथे २०१४ साली पिरिडिन आणि थायोफीन ह्या द्रव्यांचा उपयोग करण्यात आला. त्यांतील नायट्रोजन वा गंधक आपल्या इलेक्ट्रॉनांची जोडी पृष्ठभागावरील एकाकी शिशास देऊ करून त्याची उणीव भरून काढतात. चीनमध्ये बीजिंग येथे २०१९ साली फेनिलएथिलअमोनियम ह्या मोठ्या आयनाचे आयोडाइड थरावर पसरण्यात आले. हा आयन गोल्डश्मिट यांच्या मापाप्रमाणे खोलीत मावणारच नाही इतका मोठा. म्हणूनच तो आत न शिरता वरच राहतो आणि पृष्ठभागाचे दोष झाकतो. उलट पोटॅशियम त्या खोलीस फार लहान. केंब्रिज येथे २०१८ साली असे दिसून आले की, तो सांध्यांवर जाऊन बसतो, तेथील सैल आयोडिनला बांधून ठेवतो आणि त्याची भटकंती थांबवितो. एक मोठा म्हणून आत मावला नाही, दुसरा लहान म्हणून आत टिकला नाही; तथापि दोघेही आपापल्या ठिकाणी उपयोगी ठरले. त्यांचे ठिकाण शोधून काढणे एवढेच काम शास्त्रज्ञांकडे होते.

ज्या वर्षी गोल्डश्मिट वारले, त्या वर्षी सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौरघटही जन्मास आला नव्हता; तो १९५४ साली अमेरिकेत निघाला. आपल्या मापांच्या कोष्टकातून पुढे वीज निघेल, ही कल्पना त्यांस असणे शक्य नव्हते. त्यांनी केवळ जे दिसले ते नीट मोजले, आणि जे मोजले त्याचे कारण शोधले. तीन देशांनी त्यांना वाढविले, एकाने हाकलले, एकाने मृत्यूच्या दारातून परत आणले आणि एकाने आजारपणात आसरा दिला. पण ज्या ज्या ठिकाणी दैवाने त्यांना नेले, त्या त्या ठिकाणी ते कामास आले. ग्योटिंगेनमध्ये ज्यांस जागा नव्हती, त्यांनी ॲबर्डीनच्या मातीत आपले काम शोधले.

आमच्या शाळेतील मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनीही ह्या चरित्रातून एवढे अवश्य लक्षात घ्यावे. वर्गात एखादे मूल गणितात मावत नाही, दुसरे व्याकरणात टिकत नाही; तेवढ्यावरून त्याच्या नावावर फुली मारण्याची घाई आपण फार करतो. दोष कोणाच्या अंगी नाहीत? निसर्गातील सर्वांत सुंदर स्फटिकही त्यातून सुटलेला नाही. दोष आहे हे मोकळेपणाने मान्य करावे, त्याचे माप नीट घ्यावे, आणि ती उणीव कशाने भरून निघेल किंवा हे मूल कोणत्या जागी शोभेल, ह्याचा धीराने शोध करावा. एका पातळ थरासाठी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे एवढी खटपट करीत असतील, तर आपल्या लेकरांसाठी ती आपणांस जड वाटू नये.